कुंभारीच्या बसचं पान

कारखान्यात माणूस कशाने वर चढेल आणि कशाने गोत्यात येईल, काही सांगता येत नाही. माझ्या बाबतीत दोन्ही एकाच कारणाने घडलं. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात खंडेनवमीला मागांची पूजा असते. एका वर्षी तिचं निमंत्रण मी कॉम्प्युटरवर केलं आणि कडेने झेंडूची माळ लावली. माळ कुठूनतरी उचललेली. ती वाकडी लागली, तेवढंच माझं कर्तृत्व. पण मोठ्या साहेबांना ती आवडली, आणि आस्थापना विभागात हजेरी-रजा बघणारा मी त्या दिवसापासून 'कॉम्प्युटरमधला माणूस' झालो.

पुढे पुण्याच्या एका कंपनीने आमच्याकडे पोर्टल बसवलं. पोर्टल म्हणजे फक्त कारखान्यातल्या माणसांनी बघायची वेबसाईट. मोबाईलवर उघडते, बाहेरच्याला उघडत नाही. रजा, सुट्ट्या, कँटीन, बसच्या वेळा, सगळं एका जागी मिळावं असा हेतू. पुण्याची मुलं येऊन रिकामी पानं देऊन गेली. ती भरायची कुणी, असा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला आणि साहेबांसकट सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ती होकारार्थी धरली गेली.

ज्यांच्या गळ्यात पुढेमागे हे काम पडेल त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या पानावर सगळ्यांना खूश करायला जाऊ नका. मी गेलो. रंगखात्याचे प्रमुख म्हणाले, रंगाशिवाय टॉवेल कसला, आम्हाला वर घ्या. मागखात्याचे म्हणाले, माग नसतील तर रंग काय वाऱ्याला देणार. पॅकिंगवाले काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्या नमस्काराला उत्तर द्यायचे बंद झाले. मग मी सगळ्यांनाच घेतलं, मानाप्रमाणे घेतलं, आणि पान तयार झाल्यावर बघतो तर ती हुबेहूब लग्नपत्रिका. वर मालकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो, खाली मालक, मग साहेब, मग खातेप्रमुख ओळीने, प्रत्येकाचा गोल फोटो आणि हसरा चेहरा. आणि पत्रिकेत जिथे चिमुरड्यांचं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असतं, तिथे अगदी तळाला कँटीन, रजा आणि बस. आज जेवायला काय आहे हे कळण्यासाठी अंगठा दुखेपर्यंत साहेब लोकांचे फोटो वर ढकलावे लागत. काही जणांना ते आवडायचं म्हणे.

पानांची नावंही मी मोठ्या हौसेने ठेवली होती. कँटीनच्या पानाला 'कर्मचारी आहार सुविधा', रजेच्या पानाला 'अनुपस्थिती व्यवस्थापन'. पोर्टलवर शोधायची एक चौकट असते, आणि तिच्यात लोकांनी काय लिहिलं ते मला मागच्या दाराने दिसायचं. आहार कुणी शोधत नव्हतं. 'भाजी', 'आज काय', 'भजी कधी', असं शोधत होते. एकाने नुसतं 'देवा' लिहिलं होतं. तो बहुतेक रजा शोधत असावा. मी नावं बदलली, 'आज जेवायला काय' आणि 'रजा कशी काढायची', आणि एका दिवसात ती पानं धडाधड उघडायला लागली. लोकांच्या तोंडचा शब्द पानाला द्यावा, ही अक्कल मला भज्यांनी दिली.

मग वाटलं, आपण एकट्यानेच का मरायचं, ज्याचं पान त्याने लिहावं. म्हणून मी सगळ्यांनाच पानं बदलायची मुभा दिली. आठवडाभरात सुरक्षेच्या पानावर, आग विझवण्याच्या सूचनांच्या खाली, एक ओळ उगवली: 'मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळेल, पॅकिंगमध्ये भेटणे.' साहेबांनी बोलावून मला झापलं. झापून झाल्यावर आवाज खाली आणून विचारलं, "संपली का हो सगळी?" एक पोतं त्यांच्या गाडीत चढलं तेव्हा पॅकिंगवाल्यांनी माझा नमस्कार पुन्हा घ्यायला सुरुवात केली. मुभा मात्र मी काढून घेतली आणि सगळी पानं परत माझ्या एकट्याच्या अंगावर आली.

इथवरच्या चुकांनी कुणाचं काही वाईट झालं नव्हतं. खरी चूक मी शहाणा झाल्यावर केली.

पुण्याहून स्क्रीनवरून एक शिकवणी झाली. शिकवणारा पोरगा हुशार होता. तो म्हणाला, कुठलं पान किती जण उघडतात हे दर महिन्याला बघा, आणि जे पान कुणी उघडत नाही ते काढून टाका. मला हे इतकं पटलं की मी रंगीत तक्ता करायला लागलो. उंच उंच खांब, सगळ्यांत वर 'आज जेवायला काय'. साहेबांना तक्ते फार आवडतात. माझा तक्ता मीटिंगमध्ये भिंतीवर पडायला लागला आणि मी हातात पट्टी घेऊन शेजारी उभा राहायला लागलो. पट्टीची गरज नव्हती. पट्टीने माणूस उंच दिसतो.

तक्त्याच्या अगदी शेवटी एक खांब इतका बुटका होता की तो खांब आहे की डाग, कळत नव्हतं. ते कुंभारीच्या बसचं पान. आमचा कारखाना पुणे रोडला आणि कुंभारी अक्कलकोटच्या रस्त्याला, मध्ये अख्खं सोलापूर. शिवणखात्यात टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बऱ्याच बायका तिकडच्या कामगार वसाहतीतून येतात, त्यांच्यासाठी ही बस. ऑर्डर कशी आहे त्याप्रमाणे शिवणाची वेळ पुढे-मागे होते आणि बसचीही, म्हणून दुसऱ्या दिवशीची वेळ आदल्या संध्याकाळी पानावर टाकायची. मी ती न चुकता टाकत होतो, आणि महिनाभर ते पान उघडत होती फक्त एक व्यक्ती.

मीटिंगमध्ये मी त्या डागावर पट्टी टेकवली आणि म्हणालो, "हे पान बहुतेक ड्रायव्हरच बघतो, आज जायचंय कुठं म्हणून."

सगळे हसले. साहेबही हसले. मला फार बरं वाटलं. मीटिंग संपताना साहेबांनी वाहतुकीच्या माणसाला थांबवून घेतलं, ते कशासाठी, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. चार-पाच दिवसांनी माझ्याकडे कागद आला: प्रतिसाद नसल्यामुळे कुंभारीची बस येत्या महिन्याच्या एक तारखेपासून बंद, पोर्टलवर सूचना टाकावी. मी पान काढा म्हणणार होतो, साहेबांनी बसच काढली होती. कागद मी दोनदा वाचला. पण कागदावर सही साहेबांची होती, आणि साहेबांनी तक्ता बघून निर्णय घेतला याचा मनातल्या मनात थोडा अभिमानही वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. मी सूचना टाकली, त्याच पानावर, लाल अक्षरांत.

ती एकीने तरी वाचलीच. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिवणखात्यातल्या अक्का माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. वयाने माझ्याहून लहान, पण त्यांना सगळा कारखाना अक्काच म्हणतो. घरात कानडी, वसाहतीत तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि तिन्ही भाषांत समोरच्याला गप्प करायची हातोटी. नुकतंच त्यांना एका लाइनचं मुकादम केलं होतं. मागे आणखी सात-आठ जणी, डब्याची झाकणं हातात घेऊनच आलेल्या.

"ओ सर, बस कुनी बंद केली?"

मी म्हणालो, साहेबांनी. मग म्हणालो, म्हणजे आकड्यांनी. मग पानाचं, तक्त्याचं सगळं सांगितलं, आणि शेवटी जरा आवाज चढवून म्हणालो की महिनाभरात ते पान एकाच माणसाने उघडलंय.

"मीच की ती."

"तेच म्हणतोय. तुम्ही एकट्याच बघता."

"मग कितीजनींनी बघायचं? बस एकच हाय, येळ एकच हाय. मी बघते, सगळ्यांना सांगते. का परतेकीनं बघितलं तर बस लवकर येती?"

मागच्या बायका हसायला लागल्या. मी पाणी प्यायलो. अक्का हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की सासऱ्यांनी त्यांना कारखान्यात पाठवलं ते बस वसाहतीच्या तोंडाशी येते आणि तिथेच सोडते म्हणून. बस नसेल तर दोन रिक्षा बदलून गावात यायचं आणि तिसरी धरून पुणे रोडला, पगारातला मोठा तुकडा त्यातच जाणार आणि संध्याकाळी अंधार पडणार तो वेगळाच. सासरे त्याला तयार होणार नाहीत. आदल्या संध्याकाळी ते म्हणालेच होते, घरी बसून विड्या वळ, पहिल्यासारख्या.

"बस गेली की मी बी गेले सर," त्या म्हणाल्या. "मुकादम झाले म्हनून पेढे वाटलेत मी. तुमी पन खाल्लात."

खाल्ले होते. दोन खाल्ले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी स्कूटरवरून कुंभारीला गेलो. पान एक आणि माणसं अनेक हे नक्की कसं चालतं ते बघायचं होतं. वसाहतीच्या तोंडाशी अक्का वेणी घालत उभ्या. त्यांनी मला वेळ विचारली नाही, मीच त्यांना विचारली. त्या म्हणाल्या, कालच वाचलीय. वाचायची त्यांची रीत अशी, की संध्याकाळी पान उघडायचं आणि शेजारच्या गच्चीकडे तोंड करून वेळ कानडीत सांगायची. गच्चीवरची बाई ती पुढच्या गल्लीला तेलुगूत सांगायची, आणि नळाच्या कोपऱ्यावर ती मराठीत पोचायची. एकीचा फोन नवऱ्याकडे असतो, एकीचा नेट रात्रीच्या मालिकेसाठी राखलेला असतो, एकीला पोर्टलचा पासवर्ड मीच चुकीचा दिलेला. आणि सगळ्यांना वेळ माहीत. बस आली तेव्हा एकही बाई मागे राहिली नव्हती. स्कूटर तिथेच लावून मीही चढलो, तर मला बसायला जागा मिळाली नाही.

उभ्यानेच मी ड्रायव्हरला विचारलं, तुम्ही पान बघता का. त्याने खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, ड्रायव्हर बघत न्हाय, ते तुमी मीटिंगमदी उगंच सांगितलं." मीटिंगमधली गोष्ट कुंभारीपर्यंत पोचली होती. पोर्टलशिवाय.

एवढं बघितल्यावर शहाण्या माणसाने सरळ साहेबांकडे जाऊन बस भरून येते असं सांगितलं असतं. मी तसं केलं नाही. मला वाटलं, साहेबांना आकडा लागतो तर आकडा देऊ. मी बसमध्येच जाहीर केलं की एक तारखेपर्यंत सगळ्यांनी रोज ते पान उघडायचं, स्वतः उघडायचं. ज्यांचा पासवर्ड चुकला होता त्यांना मी तिथल्या तिथे, खांबाला धरून, नवा दिला.

बायकांनी काम मनावर घेतलं. शिवणखात्याने पॅकिंगला सांगितलं, पॅकिंगने रंगखात्याला, आणि ज्यांचा कुंभारीशी काही संबंध नाही, जे जुळे सोलापूर भागात कारखान्याच्या दुसऱ्या बसने उतरतात, तेही चहा पिताना कुंभारीची बस उघडून बसायला लागले. मागखात्यात तर पैज लागली म्हणे, कोण जास्त वेळा उघडतो. दोन दिवसांत माझा बुटका डाग जेवणाच्या खांबाच्या वर गेला. तिसऱ्या दिवशी पोर्टल बसलं ते उठेना. हजेरीचं पान उघडेना, आणि पुण्याहून फोन आला की तुमच्याकडे काही घडलंय का.

साहेबांनी बोलावलं. भिंतीवर नवा तक्ता होता. या वेळी पट्टी त्यांच्या हातात.

"परवापर्यंत एक माणूस. आणि आज सगळा कारखाना कुंभारीला निघालाय?"

मी काहीतरी जागृतीबद्दल बोललो.

"मला मूर्ख समजता का? हे बनावट आहे. बस बंद म्हणजे बंद."

अक्का निकाल ऐकायला बाहेर बाकावर बसल्या होत्या आणि दार उघडंच होतं. 'बंद म्हणजे बंद' त्यांनी ऐकलं हे मला त्यांच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळलं. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आता काहीतरी बोलणं भागच होतं.

मी म्हणालो, "साहेब, हा आकडा बनावट आहे, मी करायला लावला. पण आधीचा जो एक होता ना, त्यालाही काही अर्थ नव्हता. मी तो न बघता, न विचारता तुमच्यापुढे ठेवला आणि वर विनोद केला. बस रोज भरून येते. मी परवा उभा राहून आलो."

साहेबांनी पट्टी टेबलावर ठेवली. "मग एकच माणूस का बघतो पान?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण लांबलचक होतं, गच्चीपासून नळापर्यंतचं. अक्कांनी वेळ घालवला नाही.

"साहेब, तुमच्या घरी पेपर किती येतात?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"एक."

"आनि वाचतंय कोन कोन?"

साहेब तक्त्यांच्या नादी लागलेले असले तरी माणूस सरळ आहे. ते म्हणाले, "खरं सांगू? मी वाचत नाही. बायको वाचते आणि चहाच्या वेळी मला सांगते."

"मग तुमचा पेपर बंद करायचा का?"

मी अजून छताकडेच बघत होतो, कारण हसू आलं असतं तर नोकरी गेली असती. हसले ते साहेब, आधी नाकाने आणि मग चांगले पोट धरून. हसून झाल्यावर त्यांनी वाहतुकीच्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं की उद्या सकाळी गेटवर उभे राहा, कुंभारीच्या बसमधून किती माणसं उतरतात ते डोळ्यांनी बघा आणि मला सांगा. तक्ता नको. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही. पान काढा-ठेवा ते तुम्ही बघा, पण कुठलीही सोय त्याच्यावरून मोजून माझ्याकडे आणायची नाही. आधी त्या सोयीपाशी जाऊन उभं राहायचं."

हा सल्ला पुण्याच्या शिकवणीत नव्हता. मी तो तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, माझाच असल्यासारखा.

वाहतुकीचा माणूस गेटवर उभा राहिला. बायका उतरत राहिल्या. मध्येच तो आत वाकून बघून आला म्हणे, कुणी मागच्या दाराने पुन्हा चढतंय की काय. दुपारी मला कागद आला, बस चालू राहील, सूचना काढावी. मी काढायला बसलो आणि वाटलं, हे पान आता आपल्या हातात राहायला नको. ज्याला बस लागते त्याच्या हातात हवं. आधी मुभा दिली होती ती सगळ्यांना एकदम, आणि त्यातून ज्वारी निघाली. या वेळी एक पान आणि एकच माणूस. मी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "पगार वाढंल का?" नाही म्हणालो. "मग शिव्या कुनाला पडतील, बस उशिरा आली तर?" तुम्हाला. जरा विचार करून म्हणाल्या, "आत्ता बी मलाच पडत्यात की. द्या."

महिन्याच्या एक तारखेला, ज्या दिवशी बस बंद होणार होती त्या संध्याकाळी, मी गेटवर गेलो. बस उभी होती, बायका चढत होत्या आणि अक्का पायरीशी थांबून फोनवर पान बदलत होत्या. मी टाकलेलं सगळं त्यांनी एकेक करून पुसायला घेतलं होतं: 'सहर्ष स्वागत', बसमधल्या वर्तणुकीचे नियम, प्रवासाचं महत्त्व सांगणारा माझा परिच्छेद, बसचा फोटो, जो आमच्या बसचा नव्हताच.

"सर, हे एवढं सगळं कुनी लिवलं होतं?"

"पुण्याहून आलं होतं तसंच," मी म्हणालो.

"हौदा?" त्या कानडीत म्हणाल्या, म्हणजे असं होय, आणि ज्या नजरेने त्या वाकडी शिवलेली कड बघतात त्याच नजरेने माझ्याकडे बघितलं. मग उरलेलं पुसलं आणि दुसऱ्या दिवशीची वेळ लिहिली. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'बस बंद न्हाय. घरी सांगा.'

ती दुसरी ओळ कशाला, असं मी विचारणार होतो. पण पायरीवरून चढता चढता त्यांनी फोन कानाला लावला होता आणि पलीकडच्याला त्या कानडीत, सावकाश, मोठ्याने काहीतरी सांगत होत्या. मला त्यातला एकच शब्द कळला, 'मामा', म्हणजे सासरे. तो शब्द त्या दोनदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा हसत. बसमधल्या बायका गप्प होऊन ऐकत होत्या. मग बोलणं संपलं, अक्कांनी फोन पिशवीत टाकला, आणि खिडकीतून वाकून मला म्हणाल्या, "उद्या मला लाइनवर लवकर यायचंय. येळ पानावर हाय, बगा."